पावणीची सावली

१

त्या दिवशी खिडकीचा पडदा पूर्ण उघडा होता की अर्धा ओढलेला, हे हंबीररावांना आता खात्रीनं सांगता येत नाही. कधी वाटतं उघडाच होता, कारण फरशीवरचं ऊन डोळ्यांत खुपत होतं. कधी वाटतं, छे, उन्हाळ्यात दुपारी पडदा ओढायची बायकोची, विमलची सवय आपण तिच्यामागं कधी मोडली नाही. उभा जन्म कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकवलं, सावल्यांच्या कडांवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली, आणि स्वतःच्या हॉलमधलं ऊन आठवत नाही, याची त्यांना मनातल्या मनात लाज वाटते. कोण जाणे, बाकीचंही आपण असंच मागाहून जुळवलं असेल. पण एक गोष्ट ते स्वतःला पुन्हा पुन्हा बजावतात. आधी सावली आली. बाई नंतर.

घर राजारामपुरीत, पहिल्या मजल्यावर. हॉलची खिडकी पश्चिमेला. गल्ली ओलांडली की समोर तीन मजली लॉज. दुपार कलली की ते लॉज सूर्य गिळायचं आणि हॉल एकदम करडा व्हायचा. विमल गेल्यापासून घरात दोघंच होते, हंबीरराव आणि त्यांचा मुलगा ऋतुराज. पोरगा पस्तिशीचा, बिनलग्नाचा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून आला तो परत गेलाच नाही. घरी बसून तो कॉमिक्स काढायचा.

त्याच्या मालिकेचं नाव ‘पावणी’. नुसत्या काळ्या शाईतलं काम, रंगाचा ठिपका नाही. प्रत्येक अंकात कोल्हापुरातलं एक घर, त्यात एकटा पुरुष. कधी म्हातारा पैलवान, कधी लॉजचा मॅनेजर, कधी बायको माहेरी गेलेला सराफ. भर दुपारी दारात एक बाई येते. डोक्यावरून पदर, चेहरा अंधारात. म्हणते, “पाणी मिळंल का, पावणं?” गडी पाणी देतो, ती खुर्चीत बसते, आणि अंक संपेपर्यंत त्या गड्यानं भागीदाराला भोसकलेलं असतं, नाहीतर स्वतःच्या दुकानाला काडी लावलेली असते. एकजण तर काहीच करत नाही. नुसता उठतो आणि तिच्या मागं चालू लागतो. शेवटच्या चौकटीत दरवेळी रिकामी खुर्ची आणि पाण्याचं रिकामं भांडं.

पोरांनी ते डोक्यावर घेतलं होतं. मिसळीच्या गाड्यावर कॉलेजची पोरं एकमेकांना “पाणी मिळंल का, पावणं?” म्हणून हसायची. हंबीररावांना असल्या गोष्टी आवडत नसत, पण मुलाच्या कामात त्यांचा एक वाटा होता आणि तो त्यांना मनापासून आवडायचा. असल्या चित्रांत सगळी मदार सावल्यांवर. ऋतुराज पेन्सिलीत पान उतरवून आणायचा आणि शाई चढवण्याआधी हंबीरराव चष्मा पुसून एकेक चौकट तपासायचे. दिवा इथं आहे, मग नाकाची सावली तिकडं कशी? खिडकी एक आणि खांबाच्या सावल्या दोन? चुकीच्या जागी ते पेन्सिलीनं बारीक खूण करायचे. विमल गेल्यावर बाप-लेकांत बोलायला उरलं होतं ते एवढंच.

२

सहाव्या अंकासाठी ऋतुराजनं स्वतःचंच घर घेतलं होतं. हॉलमधली वेताची खुर्ची, शोकेस, आतल्या भिंतीवरचा विमलचा फोटो, सगळं जसंच्या तसं.

“ऋतू, एक चूक आहे,” हंबीरराव म्हणाले.

“बोला.”

“चूक म्हणजे... सावली बरोबर आहे तुझी. ऊन या खिडकीतनं, असं तिरपं. खुर्चीत बसलेल्या बाईची सावली फरशीवर अशीच पडणार. डोकं, अंबाडा, हा खांदा. उत्तम आहे. पण बाई कुठं आहे? ती काढायची राहिली.”

ऋतुराज वाकून बघत राहिला. मग म्हणाला, “सावली मी काढलेली नाही, बाबा.”

“म्हणजे?”

“खोलीचा फोटो काढला, त्यावरनं खोली उतरवली. आहे तशी. बाई उद्या काढणार होतो.”

त्यानं मोबाईल पुढं केला. फोटोत हॉल होता, खुर्ची होती, खुर्ची रिकामी होती. फरशीवर खुर्चीच्या पाठीची जाळीदार सावली होती आणि तिच्या वर, जिथं नुसतं ऊन असायला हवं, तिथं एक गोल होता आणि त्याला मागं लागून एक छोटा गोल.

“पडदा,” हंबीरराव म्हणाले. “पडद्याची चुणी असणार.”

“असंल,” ऋतुराज म्हणाला. पण त्यानं फोटो बोटांनी मोठा केला आणि हसला. “कसली बसलीय बघा. आपलंच घर असल्यागत.”

त्या हसण्यात हंबीररावांना काहीतरी खटकलं. काय, ते त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं.

३

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोग केला. पडदा पूर्ण उघडला, अर्धा ओढला, पूर्ण ओढला. उशी ठेवून बघितली, काढून बघितली. फरशीवर जाळीची सावली पडली, उशीची पडली, पडद्याच्या काठाची पडली. गोल काही पडला नाही. त्यांना हायसं वाटलं आणि लगेच वाटलं, यात हायसं वाटण्यासारखं काय आहे? आज पडला नाही, म्हणजे काल पडला तो कशाचा?

संध्याकाळच्या भाकऱ्या थापायला आलेल्या झुंबरबाई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. उचगावहून यायच्या, विमलच्या वेळेपासूनच्या.

“सर, पडद्याला काय झालंय म्हणायचं? मगापासनं ओढताय, सोडताय.”

“काही नाही. ऊन बघतोय.”

“उनात काय बगायचंय?” झुंबरबाई म्हणाल्या. “डोस्क्याला तेल लावा जरा. लई शिकल्यालं डोस्कं लवकर तापतंय.”

त्या आठवड्यात ऋतुराजनं बापालाच उभं केलं. या अंकातला एकटा पुरुष म्हातारा होता, त्याचे हात हवे होते. “पाण्याचं भांडं धरा, बाबा. खुर्चीकडं वाका. आणखी थोडं. ती घेतेय असं समजा.”

हंबीरराव भरलेलं भांडं घेऊन रिकाम्या खुर्चीपुढं वाकले. आणि जन्माची सवय, भरलं भांडं कुणापुढं धरलं की तोंड गप्प राहत नाही. “घ्या,” ते म्हणून गेले. “पाणी घ्या.”

ऋतुराजनं फोटो काढला. कंबरेत कळ आली म्हणून हंबीररावांनी भांडं स्टुलावर ठेवलं आणि सरळ झाले. मग त्यांचं लक्ष गेलं. भांडं काठोकाठ भरून आणलं होतं. जपून चालत आणलं होतं. आता ते अर्धं होतं.

फरशी कोरडी होती. त्यांनी वाकून हात फिरवला.

“मी प्यालो का रे मघाशी?”

“असाल,” ऋतुराज म्हणाला. तो मोबाईलमध्ये बघत होता. मान वर न करता हळूच, जिभेवर गोड काहीतरी असल्यासारखं म्हणाला, “तहानलेली होती.”

“कोण?”

“गोष्टीतली हो, बाबा.”

४

त्यानंतर ऋतुराज दुपारी दाढी करू लागला. सकाळी पारोसा फिरणारा माणूस जेवण झालं की आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचा, हॉलचं दार लोटून घ्यायचा आणि खुर्चीसमोर फरशीवर बसून चित्रं काढायचा. दारापलीकडं हंबीररावांना त्याचा आवाज ऐकू यायचा. मध्ये थांबणारा, मग पुन्हा बोलणारा. फोनवर असेल, असं त्यांनी ठरवलं. फोन मात्र बहुतेक वेळा स्वयंपाकघरात चार्जिंगला असायचा.

मुलगा वाळत चालला होता. विचारलं तर हसायचा. हंबीररावांना दुसरं कुणी नव्हतं. हा एकच, आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत भिंतीला तोंड केलेल्या माणसासारखा दूर दूर चालला होता. डॉक्टरांना दाखवावं का? पण काय सांगायचं? मुलगा दुपारी दाढी करतो, हा काही आजार नव्हे.

त्यांनी कुरुंदवाडला फोन करून थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं. आक्का ऐंशीची, कुंकू रुपयाएवढं, आवाज गल्लीच्या पार टोकाला जाणारा. आली तीच बोलत आली. “काय रं हंबीर, घराला कळा न्हाय. बिनबाईचं घर असंच आसतंय. ए ऋतू, लगीन कर की! का पोरी न्हाईत कोल्हापुरात?”

“करतो की, आत्ती,” ऋतुराज म्हणाला.

“करतो म्हंतंय! कुणाशी?”

ऋतुराजनं खुर्चीकडं बघितलं.

आक्का धप्पदिशी त्याच खुर्चीत बसायला गेली. टेकली आणि लगेच उठली. “हितं कोण बसलंतं?”

“कोणी नाही. का?”

“गरम हाय की रं. आत्ता उठल्यागत.”

“ऊन येतं खिडकीतनं,” हंबीरराव म्हणाले. ऊन अजून खुर्चीपर्यंत पोचलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नाही.

आक्का होती तोवर घर घरासारखं राहिलं. स्वयंपाकघरात भांडी वाजली, हॉलचं दार उघडं राहिलं, तांबडा रस्सा झाला. ऋतुराजचा हात मात्र चालेना. कागद पुढं घेऊन बसायचा आणि उठायचा. “बाई माणूस घरात असलं की येत नाही ती,” एकदा त्राग्यानं म्हणाला आणि लगेच म्हणाला, “म्हणजे, चित्रात येत नाही.” रात्री जेवला नाही.

हंबीररावांनी आक्काला राहायचा आग्रह केला. पार हात धरला. “आणखी महिनाभर राहा, आक्का.”

“आरं, म्हसरं हाईत दारात. कोण काडणार धारा, तू?” ती हसली. मग धाकट्या भावाचा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. “काय झालंय रं?”

काय सांगणार? सावलीला अंबाडा होता? त्यांनी मान हलवली. “काही नाही. सवय झाली तुझी.”

निघताना आक्का देवघरातली प्लॅस्टिकची डबी घेऊन आरशापुढं उभी राहिली. डबीच्या तळाशी नख घालून खरवडलं आणि स्वतःच कपाळावर टेकवलं. “कुंकू लावायलाबी कोण न्हाय ह्या घरात. आपलं आपनच लावायचं. आरं, बाई माणूस कुंकू न लावता दारातनं भाईर पडली तर ती गेलीच न्हाय असं धरत्यात. तुमा बाप्यांना काय कळतंय त्यातलं.”

रिक्षा वळेपर्यंत हंबीरराव गॅलरीत उभे होते. मागं हॉलचं दार लोटल्याचा आवाज आला.

५

आक्काचं बोलणं त्यांच्या डोक्यात घर करून बसलं. त्यांनी ‘पावणी’चे जुने अंक काढून चाळले. पैलवान, मॅनेजर, सराफ. सगळी बिनबाईची घरं. पाणी प्रत्येकानं दिलं होतं. खुर्ची प्रत्येकानं दिली होती. निरोप कुणीच दिला नव्हता. पुरुषांना सुचलंच नव्हतं.

हा शुद्ध खुळेपणा आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण खुळेपणानं नुकसान काय, असाही प्रश्न त्यांच्यातला शिकलेला माणूस विचारत होता. प्रयोग म्हणून. खात्री म्हणून. आलेल्या बाईला मानानं बोळवायचं आणि विषय संपवायचा.

ऋतुराज एका दुपारी छापखान्यात गेला तेव्हा त्यांनी देवघर उघडलं. प्लॅस्टिकची डबी आक्कानं पार खरवडून ठेवली होती. मग त्यांना विमलचा चांदीचा करंडा आठवला. कपाटात, साड्यांच्या खाली, तांबड्या फडक्यात गुंडाळलेला. आत कुंकू नवं होतं, बोट न लागलेलं, काठापासून काठापर्यंत सपाट. विमल मेणावर लावायची ती डबी वेगळी असायची, एवढं त्यांना अंधूक आठवलं. हा करंडा वेगळा का, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

करंडा त्यांनी खुर्चीपुढच्या स्टुलावर उघडून ठेवला. आता काय बोलायचं? वर्गात शंभर पोरांपुढं कधी न अडखळलेली जीभ जड झाली.

“घरात बाई माणूस नाही,” ते खुर्चीकडं न बघता म्हणाले. “तुमचं काही कमी पडलं असेल तर राग धरू नका. हे तुमचं तुम्ही लावून घ्या.”

आणि परक्या बाईपुढं उभं राहू नये म्हणून त्यांनी पाठ फिरवली.

गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. मग शांत. मग मागं वेत करकरला. कुणी बसल्यावर करकरतो तसा नाही. बसलेलं माणूस उठलं की ताणलेला वेत एकेक पट्टी सुटत जातो, तसा हळूहळू. तो आवाज विमलच्या उठण्याचा म्हणून त्यांनी हजार वेळा ऐकला होता. चांदीला चांदी लागल्याचा बारीक आवाज झाला. हंबीरराव भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मान वळवायची ताकद त्यांच्यात नव्हती, आणि त्यांनी ती आणायचा प्रयत्नही केला नाही.

बऱ्याच वेळानं वळले तेव्हा करंडा बंद होता. उघडला. सपाट कुंकवात मधोमध एका बोटाचा खळगा होता.

फडकं सोडताना माझंच बोट लागलं असेल, ते म्हणाले. स्वतःची बोटं बघितली. पांढरी, सुरकुतलेली, स्वच्छ.

पण त्या दिवशी खुर्ची गार होती. त्यांनी पालथा हात लावून बघितलं. गार. करंडा त्यांनी तसाच स्टुलावर राहू दिला, आणि त्या रात्री ते विमल गेल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपले.

६

पुढचे काही दिवस ऋतुराज इतका आनंदात होता की हंबीररावांना आपण जिंकलो असंच वाटलं. तो जेवू लागला. शीळ घालू लागला. मग एके दिवशी बाजारातून त्यानं तांबड्या शाईची बाटली आणली.

“तुझ्या चित्रांत रंग नसतो ना?”

“आता लागणार,” ऋतुराज म्हणाला. तो बापापाशी येऊन बसला. लहानपणी बसायचा तसा, त्यांच्या वाचायच्या खुर्चीच्या हातावर. “बाबा, मला वाटलं नव्हतं तुम्ही तयार व्हाल.”

“कशाला?”

“तुम्हीच दिलंत ना.” त्याचे डोळे भरून आले होते. “ती म्हणाली, आजपर्यंत कुठल्याच घरानं दिलं नव्हतं.”

ऋतुराजनं शेवटचं पान त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि नेहमीसारखं म्हणाला, “सावल्या तेवढ्या बघून ठेवा.”

पानभर एकच चौकट होती. हाच हॉल, पण माणसं नाहीत. रिकामी खुर्ची. आणि आतल्या भिंतीवर, विमलच्या फोटोखाली, लांबच लांब सावल्या. खुर्चीत बसलेल्या बाईची. तिच्याशेजारी उभ्या पुरुषाची, डावा खांदा किंचित उतरलेला. तसा उतरलेला खांदा घरात ऋतुराजचाच होता. स्टुलावर करंडा, आणि त्यात तांबड्याचा एक ठिपका.

हंबीररावांनी पेन्सिल घेतली. दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना. समासात लिहिलं: ‘चूक एक. एवढ्या खालून ऊन या खोलीत येऊ शकत नाही, समोर लॉज आहे.’ ते लिहिताना त्यांना जरा बरं वाटलं. निसर्गाचा नियम होता, तो कुणासाठी वाकणार नव्हता. मग त्यांना दोघांच्या मधे, अगदी खाली, आणखी एक सावली दिसली. ठेंगणी, डोक्याच्या जागी गोलसर. त्यांनी लिहिलं: ‘चूक दोन. ही कशाची? इतक्या उंचीची वस्तू खोलीत नाही.’

संध्याकाळी त्यांनी आक्काला फोन लावला. आडून आडून विचारलं. विमलचा तो चांदीचा करंडा कुठनं आला होता?

“कुठनं म्हंजे? आईचा त्यो. तुज्या लग्नात विमल माप वलांडून आत आली तवा आईनं तिच्या हातात दिला. तू हुतास की तितं उभा, बाशिंग बांधून! आजीनं आईला दिलता, आईनं विमलला. विमलनं ऋतूच्या बायकूसाठी नवं कुंकू भरून ठेवलंतं. मला दावलंतं दवाखान्यात जायच्या आदी.” आक्का थांबली. “का रं? ठरलं काय पोराचं?”

हंबीररावांनी फोन ठेवला. बायकांच्या हातातून हातात गेलेली वस्तू. ती त्यांच्या डोळ्यांसमोर दिली गेली होती आणि त्यांनी कधी बघितलीच नव्हती. बोळवायला म्हणून गेले, आणि त्यांनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं होतं.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी जाग आली ती जिन्यावरच्या पावलांनी. हंबीरराव उठेपर्यंत हॉलचं दार उघडं होतं. खुर्ची रिकामी. स्टुलावर करंडा नव्हता.

ते गॅलरीत धावले. खाली ऋतुराज स्कूटर काढत होता. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला काही नाही, बॅग नाही. गल्ली उन्हानं पांढरी पडली होती.

“ऋतू!”

त्यानं ऐकलं नाही. स्कूटर चालू केली, वाकून मागची पाय ठेवायची पावटी उघडली. मग दोन्ही पाय जमिनीला टेकवून, मान किंचित मागं वळवून तो थांबला. साडीतलं माणूस एका बाजूनं नीट बसेपर्यंत पुरुष थांबतात, तसा. मागची सीट रिकामी होती. हंबीररावांना ती स्वच्छ दिसत होती, उन्हात तापलेली, काळी, रिकामी.

आणि स्कूटर मागून दबली.

फार नाही. जेवढी एका सडपातळ माणसाच्या वजनानं दबते तेवढीच. टायर किंचित पसरलं. ऋतुराजनं समोर बघितलं, चेहऱ्यावर असं समाधान की त्यांना हाक पुन्हा मारवेना. स्कूटर गल्लीबाहेर वळली.

खाली चहाच्या टपरीवर सयाजी गाळणं झटकत होता. त्यानं वर बघून हात केला. “सर! ऋतूदादा यकटाच कुटं निगाला एवड्या रुबाबात?”

“एकटाच होता ना?” हंबीररावांनी विचारलं.

“मग? दुसरं कोण दिसलं काय तुमाला?”

“नाही,” हंबीरराव म्हणाले. “दिसलं नाही कोण.”

८

पोलिसांत ते गेले. समोरच्या जमादारानं आदरानं खुर्ची दिली. “सर, पोरगं सज्ञान हाय. नटून थटून गेलंय म्हणताय. भांडण न्हाय, चिट्ठी न्हाय. बाईचं काय प्रकरण?”

“आहे.”

“मग झालं की! बाई बघितलीसा तुमी?”

गाडी दबली, हे उत्तर त्यांच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. जमादार हसून म्हणाला, “येतंय वर्सा-दोन वर्सानं नातू घिऊन. समदीच येत्यात.”

ऋतुराजचा फोन पुन्हा कधी लागला नाही. स्कूटरही सापडली नाही. सहावा अंक निघाला नाही. झुंबरबाईंनी एकदा खुर्ची भंगारात द्यायचं सुचवलं, तेव्हा हंबीरराव इतके ओरडले की पुन्हा तो विषय निघाला नाही. खुर्ची त्यांनी जागची हलवली नाही. जर पोरगा आला, तर सगळं जिथल्या तिथं असावं. याहून जास्त काही त्यांच्या हातात नव्हतं.

वर्षं गेली. आक्का गेली. मग एका चैत्रात समोरचं लॉज पाडायला घेतलं. तिथं मोठं काहीतरी व्हायचं होतं. महिनाभर धूळ उडाली आणि मग गल्लीच्या पलीकडं नुसतं आभाळ उरलं.

हंबीररावांना अंदाज होता. सगळी गणितं त्यांना येत होती. त्या संध्याकाळी त्यांनी शेवटचं पान फाइलीतून काढलं, चष्मा पुसला आणि आतल्या भिंतीजवळ उभे राहिले. सूर्य खाली आला. या घरात कधीच न आलेलं ऊन खिडकीतून सरळ, लांब, तांबूस होऊन आत शिरलं आणि फरशी ओलांडून भिंतीवर चढलं. विमलच्या फोटोच्या खालच्या पट्टीला येऊन टेकलं. पानावर जिथं टेकलं होतं, तिथंच.

प्रकाश बरोबर होता. चूक त्यांची होती. त्यांनी खोडरबर घेतलं आणि ‘चूक एक’ काळजीपूर्वक पुसून टाकलं.

खुर्चीच्या सावलीकडं आणि तिच्या शेजारी त्यांनी बघितलं नाही. तो उतरलेला डावा खांदा बघायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी फक्त खाली बघितलं, भिंतीच्या तळाशी, दुसऱ्या चुकीच्या जागी. कोपऱ्यात, शोकेसजवळ, खिडकीत, पुन्हा पुन्हा खात्री केली. इतक्या उंचीची वस्तू खोलीत आजही नव्हती.

सावली होती. पानावर ती स्थिर काढलेली होती. भिंतीवर ती एका जागी थांबत नव्हती.